हृदयविकार आणि माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत घरटी एक माणूस सैन्यात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. अशा गावांत लढाईत हात किंवा पाय गमावलेला जवान परतला, तर त्याच्या त्यागाविषयी कोणाला शंका येत नाही. त्याची जखम डोळ्यांना दिसते. परंतु पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढून छातीत कळ घेऊन परतलेल्या जवानाची दुखापत कोणाला दिसत नाही. गावकऱ्यांना तो धडधाकट वाटतो, आणि पुष्कळदा शासकीय कागदांवरही त्याचा आजार ‘सेवेशी संबंधित नाही’ असा नोंदला जातो. या एका शेऱ्यावर त्याच्या कुटुंबाचे पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न अवलंबून असते. म्हणूनच हृदयविकाराच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारी कशी ठरते, कोण ठरवते आणि निर्णय मान्य नसल्यास दाद कोठे मागावी, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

सैनिकांच्या बोलण्यात ज्याला ‘डिसॅबिलिटी पेन्शन’ म्हणतात, त्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची सारी इमारत दोन प्रश्नांवर उभी आहे. पहिला प्रश्न असा की, आजाराचा सैनिकी सेवेशी संबंध आहे काय? दुसरा प्रश्न असा की, आजारामुळे आलेले अपंगत्व किती टक्के आहे? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले आणि दुसऱ्याचे उत्तर २० टक्के किंवा त्याहून अधिक आले, तरच अपंगत्वाचा लाभ मिळतो. दोहोंपैकी एकही अट अपुरी राहिली तर मागणी फेटाळली जाते.

सेवेशी असणारा संबंधही दोन प्रकारचा मानला जातो. आजार सेवेमुळेच उद्भवला असेल, तर तो पहिला प्रकार. आजाराचे मूळ अन्यत्र असले तरी सेवेतील परिस्थितीमुळे तो बळावला असेल, तर तो दुसरा प्रकार. दोन्ही प्रकार लाभास पात्र आहेत. वैद्यकीय मंडळाने मात्र ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि बळावलेलाही नाही’ असा शेरा मारला, तर टक्केवारी कितीही असली तरी तिचा उपयोग होत नाही. हृदयविकाराच्या बहुसंख्य प्रकरणांत वाद उत्पन्न होतो तो टक्केवारीवरून नव्हे, तर या शेऱ्यावरून.

वैद्यकीय मंडळ आणि त्याचे काम

सैन्यात प्रत्येक जवानाची प्रकृती मानसिक आरोग्य, श्रवणशक्ती, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी तपासून त्याची वैद्यकीय श्रेणी ठरविली जाते. सर्व अंगांनी निर्दोष असलेल्या जवानास ‘शेप-एक’ म्हणतात. हृदयाचे विकार यांतील शारीरिक क्षमता या अंगाखाली येतात. सेवेत असताना रक्तदाब वाढला, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या किंवा हृदयविकाराचा झटका आला, तर जवानाची श्रेणी खालावते. प्रकृती सेवेस अगदीच अयोग्य ठरल्यास त्याला मुदतीपूर्वी वैद्यकीय कारणास्तव कमी केले जाते. अन्यथा हलके काम देऊन ठेवून घेतले जाते, आणि मुदत संपल्यावर निवृत्तीपूर्वी सेवामुक्ती वैद्यकीय मंडळापुढे उभे केले जाते.

हे मंडळ आजाराचे नाव, त्याचा आरंभ कोठे व केव्हा झाला, त्या वेळी जवान कोणत्या ठिकाणी नेमणुकीस होता, आणि अपंगत्व किती टक्के व किती काळासाठी, या गोष्टी विहित नमुन्यात नोंदवते. हृदयविकाराच्या प्रकरणी झटका येण्यापूर्वीच्या १४ दिवसांत जवानाने कोणकोणती कामे केली, याचे युनिटकडून आलेले विवरणही मंडळासमोर असते. त्या विवरणात गस्त, चढाई, रात्रपहारा किंवा अन्य श्रमाचे काम नोंदलेले नसेल, तर ‘सेवेचा ताण आढळत नाही’ असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. एखाद्या कारकुनाने घाईने भरलेला एक कागद असा पुढे आयुष्यभर जवानाच्या वाट्याला येतो.

हृदय आणि सैनिकी सेवा

हृदयविकार हा केवळ युद्धभूमीचा आजार नाही. तंबाखू, आहारातील दोष, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, आनुवंशिकता आणि वाढते वय ही त्याची सर्वसामान्य कारणे आहेत, व ती नागरी जीवनातही तितकीच आढळतात. त्यामुळे सेवेचा वाटा किती, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

तथापि सैनिकी सेवेतील काही परिस्थिती हृदयावर विशेष भार टाकते, हेही तितकेच खरे आहे. आपल्या सैन्यात सुमारे २,७०० मीटर, म्हणजे ९,००० फुटांवरील प्रदेश अतिउंच प्रदेश मानला जातो. द्रास-कारगिलच्या परिसरातील ठाणी याहून वर आहेत, आणि सियाचीनमधील कित्येक चौक्या ५,००० मीटरच्याही वर आहेत. तेथे हवेतील प्राणवायूचा दाब कमी असल्याने हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. शरीर तांबड्या पेशींची संख्या वाढवते, त्यामुळे रक्त दाट होते व गुठळी होण्याची शक्यता वाढते. कडाक्याच्या थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. याखेरीज दहशतवादविरोधी मोहिमांतील अहोरात्र सावधता, अपुरी झोप आणि कुटुंबापासूनचा दीर्घ विरह यांचाही परिणाम होतो.

ही वस्तुस्थिती सैन्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेनेही मान्य केली होती. २००२ साली तयार झालेल्या व २००८ मध्ये सुधारलेल्या या मार्गदर्शिकेनुसार, सेवेतील असाधारण शारीरिक किंवा मानसिक ताणानंतर साधारणतः २४ ते ४८ तासांत झटका आला, तर तो सेवेमुळे उद्भवलेला मानावा, असे होते. पूर्वी ‘शेप-एक’ असलेल्या जवानास युद्धक्षेत्रात, अतिउंच प्रदेशात किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेत हृदयविकार जडला, तर त्यालाही हाच न्याय लागू होता. दीर्घकाळ जहाजावर असलेल्या नौसैनिकाच्या बाबतीत आजार सेवेमुळे बळावल्याचे मान्य करण्याची तरतूद होती. येथून एक गोष्ट स्पष्ट होते. आजाराचे नाव जितके महत्त्वाचे, तितकेच आजार सुरू झाला त्या दिवशीचे नेमणुकीचे ठिकाणही महत्त्वाचे असते.

टक्केवारीवरून रक्कम कशी निघते

अपंगत्वाचा घटक शेवटच्या गणनीय वेतनावर काढला जातो. १०० टक्के अपंगत्वास या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी अपंगत्वास त्या प्रमाणात, असे सूत्र आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यास ही रक्कम त्याच्या नेहमीच्या सेवा निवृत्तिवेतनाव्यतिरिक्त मिळते, व तीवर महागाई भत्ताही मिळतो.

पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर शासनाने ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने एक महत्त्वाची सवलत दिली. ती १ जानेवारी १९९६ पासून अमलात आली. वैद्यकीय मंडळांच्या टक्केवारीत दोन-पाच अंकांचा फरक पडतो व त्यावरून वाद होतात, हे ध्यानात घेऊन तीन पट्टे ठरविण्यात आले. ५० हून कमी टक्केवारी ५० धरावी, ५० ते ७५ ही ७५ धरावी आणि ७६ ते १०० ही १०० धरावी, असा हा नियम आहे. हा लाभ प्रारंभी मुदतीपूर्वी वैद्यकीय कारणास्तव कमी केलेल्यांपुरता मर्यादित होता. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी भारत सरकार विरुद्ध राम अवतार या प्रकरणात, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो नाकारता येणार नाही असा निर्णय दिला.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, माण तालुक्यातील एका हवालदाराचे शेवटचे गणनीय वेतन दरमहा ४०,००० रुपये होते, त्यास युद्धक्षेत्रात हृदयविकार जडला आणि मंडळाने ३० टक्के अपंगत्व ठरविले. १०० टक्क्यांस १२,००० रुपये, म्हणून ३० टक्क्यांस ३,६०० रुपये होतात. पट्ट्याच्या नियमाने ३० चे ५० झाले की हीच रक्कम ६,००० रुपये होते. महिन्याचा हा २,४०० रुपयांचा फरक वर्षाकाठी २८,८०० रुपयांवर जातो. आणि ‘सेवेशी संबंध नाही’ हा शेरा कायम राहिला, तर यांतील एक पैसाही मिळत नाही.

एकाहून अधिक आजार असल्यास त्यांच्या टक्केवारीची सरळ बेरीज केली जात नाही, मंडळ एकत्रित टक्केवारी ठरवते. तसेच कायम स्वरूपाच्या अपंगत्वाची टक्केवारी आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते. जवानाने स्वतः मागणी केल्याशिवाय वारंवार फेरतपासणी करू नये, असा शासनाचा २००१ चा दंडक आहे.

नियमांचा प्रवास

पात्रतेचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. १९८२ च्या नियमांत जवानाच्या बाजूने एक महत्त्वाचे गृहीत होते. भरतीच्या वेळी कोणताही दोष नोंदलेला नसेल, तर तो निरोगी होता असे मानावे, आणि पुढे वैद्यकीय कारणाने सेवा सुटल्यास प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे समजावे. पुराव्याचा भार जवानावर टाकू नये व वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा, असेही त्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग (२०१३) व राजबीर सिंग (२०१५) या प्रकरणांत याच तत्त्वांचा पुरस्कार केला, आणि मंडळाने कारणे न देता नुसता नकारार्थी शेरा मारणे पुरेसे नाही असे बजावले.

२००८ च्या नियमांत आजार व सेवा यांच्यातील कार्यकारणसंबंधावर अधिक भर आला. त्यानंतर २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम व नवी वैद्यकीय मार्गदर्शिका लागू झाली. आजार असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यात ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी संज्ञा योजिली आहे. या बदलामागे एक पार्श्वभूमी आहे. निवृत्तीच्या वेळी अपंगत्व असल्याचे दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढत असल्याकडे सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात लक्ष वेधले होते. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीशी निगडित आजारांना लढाईतील जखमेच्या पंक्तीला बसवावे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. सार्वजनिक पैशाचा विनियोग काटेकोरपणे व्हावा, ही शासनाची भूमिका समजण्याजोगी आहे. नियम कडक करताना सियाचीनच्या चौकीवर खऱ्याखुऱ्या झटक्याने कोसळलेला शिपाई भरडला जाऊ नये, ही माजी सैनिकांची अपेक्षाही तितकीच रास्त आहे. व्यवहारात लक्षात ठेवावयाची गोष्ट एवढीच की, कोणते नियम लागू हे सेवा केव्हा सुटली यावर ठरते. म्हणून प्रत्येक प्रकरणात प्रथम सेवामुक्तीची तारीख पाहावी.

अमेरिकेतील पद्धत

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे माजी सैनिकांच्या खात्याने हृदयविकाराची टक्केवारी हृदय किती श्रम पेलू शकते यावर बसविली आहे. यासाठी ‘मेट’ हे परिमाण वापरतात. शांत बसलेल्या माणसाच्या शरीराला लागणारा प्राणवायू म्हणजे १ मेट. सावकाश जिना चढण्यास सुमारे ४ मेट लागतात. चालत्या पट्ट्यावरील चाचणीत ३ किंवा त्याहून कमी मेटला धाप, छातीत दुखणे, घेरी किंवा थकवा अशी लक्षणे दिसू लागली तर १०० टक्के, ३.१ ते ५ मेटला ६० टक्के, ५.१ ते ७ मेटला ३० टक्के, आणि ७.१ ते १० मेटला १० टक्के, असे कोष्टक आहे. नित्य औषध घ्यावे लागत असल्यासही किमान १० टक्के मिळतात. १४ नोव्हेंबर २०२१ पासून हे कोष्टक सुधारित स्वरूपात लागू आहे. प्रकृतीमुळे चाचणी घेणे धोक्याचे असेल, तर जिना चढणे किंवा फावड्याने बर्फ ओढणे अशा रोजच्या कामांच्या दाखल्यांवरून डॉक्टर अंदाज नोंदवतो. झटका आल्यानंतर तीन महिने १०० टक्के अपंगत्व धरले जाते.

सेवेशी संबंध सिद्ध करण्याच्या बाबतीतही तेथे एक निराळा मार्ग आहे. व्हिएतनाम युद्धात ‘एजंट ऑरेंज’ या वनस्पतिनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांस पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार जडल्यास तो सेवेमुळेच झाला असे २०१० पासून गृहीत धरले जाते. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने याच यादीत उच्च रक्तदाबाचाही समावेश झाला. प्रत्येक म्हाताऱ्या सैनिकाने चाळीस वर्षांपूर्वीचा पुरावा शोधत बसण्यापेक्षा, शासनानेच शास्त्रीय अभ्यास करून गृहीत ठरवावे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

दोन प्रमाणपत्रांची गफलत

ग्रामपातळीवर एक गैरसमज वारंवार आढळतो. सैनिकी मंडळाची ५० टक्क्यांची नोंद पाहून एखादा माजी सैनिक नागरी दिव्यांग सवलती मागतो, किंवा उलट जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर सैनिकी लाभ मागतो. या दोन व्यवस्था सर्वस्वी भिन्न आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची सूची आहे व पुष्कळ लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. त्या सूचीत हृदयविकाराचा समावेश नाही. उलटपक्षी सैनिकी निवृत्तिवेतनासाठी नागरी दाखला पुरेसा ठरत नाही. अर्जदाराला हे सुरुवातीलाच समजावून सांगितल्यास त्याचे हेलपाटे वाचतील. उपचारांचा प्रश्नही वेगळा आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू असून तिच्या सभासदास उपचार मिळण्यासाठी अपंगत्वाच्या टक्केवारीची अट नाही.

दाद मागण्याचा मार्ग

मागणी फेटाळली गेली म्हणजे सारे संपले, असे समजून कागद ट्रंकेत ठेवून देणारे माजी सैनिक पुष्कळ आहेत. वास्तविक नकाराच्या पत्राविरुद्ध प्रथम अपील व त्यानंतर द्वितीय अपील करता येते. त्यांची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची असून ती त्या पत्रात नमूद असते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ पासून सुरू झाले. मुंबई येथे त्याचे खंडपीठ असून महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात.

अपिलासाठी पुढील कागद जमविणे आवश्यक आहे. सेवामुक्ती पुस्तिका, निवृत्तिवेतन प्रदान आदेश, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, रुग्णालयातून सोडल्याचे कागद, हृदयाच्या चाचण्यांचे अहवाल, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोठे नेमणूक होती याचे विवरण. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत जवळ नसल्यास ती संबंधित अभिलेख कार्यालयाकडून मागवता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचाही आधार घेता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मार्गदर्शन करते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहाय्यता योजनेखाली सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांस विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याची सोयही झाली आहे.

पत्नीच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सेवेशी संबंधित आजाराने जवानाचा मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबास विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. ते शेवटच्या गणनीय वेतनाच्या ६० टक्के असते. सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के असते. म्हणजे पतीच्या हयातीत दुर्लक्षित राहिलेला एक शेरा विधवेचे उत्पन्न निम्म्यावर आणू शकतो.

गावाचे कर्तव्य

या साऱ्यात पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. गावातील माजी सैनिकांची व सैनिक विधवांची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्यांना सेवेत असताना हृदयविकार जडला त्यांचे कागद एकदा नजरेखालून घालावेत. सेवामुक्तीची तारीख, आजार सुरू झाला ते ठिकाण आणि मंडळाचा शेरा, या तीन गोष्टी पाहिल्या तरी प्रकरणात जीव आहे किंवा नाही याचा अंदाज येतो. इंग्रजी पत्रांचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणे हे काम गावच्या शिक्षकाइतके चांगले कोणी करू शकणार नाही. मात्र हे करताना खोटी आशा लावू नये. ज्याच्या आजाराचा सेवेशी संबंध नाही त्यास तसे स्पष्ट सांगावे, आणि फी घेऊन हमखास पेन्शन मिळवून देण्याची भाषा करणाऱ्या मध्यस्थांपासून त्याला दूर ठेवावे.

निवृत्त सैनिक स्वभावतः तक्रार करणारा नसतो. वरिष्ठांचा शेरा म्हणजे अखेरचा शब्द, ही शिस्त त्याच्या अंगी मुरलेली असते. म्हणूनच त्याच्या हक्काची आठवण त्याला दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते. अंगणात बसून धाप लागत असताना ‘काही नाही, थोडी दमणूक झाली’ असे म्हणणारा म्हातारा सुभेदार ज्या गावात असेल, त्या गावाने त्याच्या ट्रंकेतील कागद एकदा उघडून पाहावेत.